मिठपेठ्याची पायली

शके १८८१, वैशाख शुद्ध तृतीया, दिवसाचा दुसरा प्रहर. मुंबई राज्य, चांदा जिल्हा, सिरोंचा तहसील, प्राणहिता नदीच्या काठचे मौजे मिठपेठा. या वेळी व या स्थळी माझ्या खरेखोटेपणाचा निवाडा झाला. ज्याचा निवाडा होतो त्याने आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगावी, हे मला न्यायाचे वाटते, म्हणून सांगते.

मी एक जुनी पायली आहे. मित्रांनो, धान्य, मीठ, चारोळी असे जिन्नस तोलून नव्हे, तर मापून देण्याची आपल्याकडे रीत होती. त्या रीतीतले मी पितळी माप. आज मी तुमच्या शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी असते. काही जण मला फुलदाणी समजतात. त्याचा मला राग नाही. पण फुलदाणीवर हात ठेवून कोणी शपथ घेत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

मिठपेठा आज साठ घरांचा गाव आहे. मी जन्मले तेव्हा ते स्वतंत्र नगर होते. त्याला राजा नव्हता. पाच पेठांचे पाच पंच होते, आणि भोवती सागाच्या सोटांचा उंच कोट होता. समुद्राकडून तेलुगू नावाडी मिठाच्या नावा वर आणीत. रानातून गोंड लोक चारोळी, मध, लाख आणि स्वतः भट्टीत गाळलेले लोखंड घेऊन येत. मराठी तेल्यांचे घाणे होते. एका फकिराच्या मागोमाग उत्तरेकडून आलेले विणकर होते. देवीचे देऊळ, फकिराचा दर्गा आणि गोंडांच्या पेनाचे, म्हणजे देवाचे, ठाणे ही तिन्ही एका हाकेच्या अंतरात होती. लोक चार भाषांत भांडत आणि एका मापाने समेट करीत. ते माप मी.

रानच्या मेणाचा साचा करून ओताऱ्याने मला ओतले. धातू सर्वांनी दिला: देवळाची तडकलेली घंटा, गोंड बायांचे तोडे, नावांच्या कड्या. विणकरांजवळ धातू नव्हता, म्हणून त्यांनी ओताऱ्याला पंचा दिला. तो आखूड निघाला म्हणून ओतारी वर्षभर कुरकुरत होता.

श्रीमंत नगराकडे सैन्ये येतातच. पहिल्या विजेत्याने माझ्या अंगावर मोर उमटवला. दुसरा धर्माचे नाव घेऊन आला; त्याला मोर पाप वाटला. त्याने तो कानशीने घासून आपली अक्षरे कोरली. तिसऱ्याला ती अक्षरे पाप वाटली. त्याने ती घासून त्रिशूळ काढला. या पुण्यकर्मांपायी माझी एक बाजू आजही पातळ आहे. पण मोजणे थांबले नाही, आणि माझ्यावर हात ठेवून घेतलेली शपथ कोणी मोडली नाही.

चौथा एक सुभेदार होता. त्याने काहीच उमटवले नाही. मीठ विकण्याचा हक्क त्याने आपल्या कोठाराकडे घेतला आणि एका दुपारी माझ्या तळाशी दुसरा तळ डाक देऊन बसवला. वरून पाहणाऱ्याला मी तीच दिसे. पण आत एक ओंजळभर मीठ कमी मावे. घेण्याचे माप त्याने निराळे ठेवले होते. देण्याचे माप मी. खूण उमटवणारे विजेते निदान उघड होते. या माणसाने मला खोटे केले आणि माझी पूजाही चालू ठेवली.

बाजारात मोजण्याचे काम करणाऱ्याला मापारी म्हणत. त्या वेळचा मापारी पोचू. पहिलेच माप उचलताच त्याच्या मनगटाला फरक कळला. बोलावे तर हात तुटला असता. पुढच्या बाजारी त्याने पायली रिती केली आणि वरून एक ओंजळ मीठ रानकऱ्याच्या फडक्यात टाकून म्हटले, "देवाची." कोणत्या देवाची, असे सुभेदाराने दरडावून विचारले. पोचू म्हणाला, सगळ्यांचीच. तिन्ही ठाण्यांची माणसे समोर उभी होती. सुभेदार कोठारात परतला.

पोचूने ही ओंजळ सुनेला शिकवली. कारण मात्र सांगितले नाही, कारण जाणणाऱ्याच्या जिवाला धोका होता. सुनेने तिच्या सुनेला शिकवली. सुभेदार गेला, नदीने पात्र बदलले, नावा थांबल्या, कोट वाळवीने खाल्ला. कारण विसरले गेले, ओंजळ राहिली.

आणि मी? दसऱ्याला मला झेंडूची माळ पडे. लोक म्हणत, मिठपेठ्याच्या पायलीसारखे सत्य नाही. मित्रांनो, खोट्याला शिव्या मिळाल्या तर तो सोसतो. पण हार मिळाले तर त्याचे काय होते, ते मला विचारा. मापारणीला मात्र लोक भोळी म्हणत.

शेवटची मापारीण भागीरथाबाई, पोचूच्याच घरची सून, विधवा. बाजारातले मोजणे हाच तिचा मान आणि हीच तिची भाकर. मीठ विकणारे शालिकराम शेठ तिला दर बाजारी टोचत. "बाई, देवाले एवढं मीठ कायले लागते? त्याले का लोणचं घालाचं हाये?"

"देव खात नाई, शेठ, म्हणूनच त माणसाले देते," असे म्हणून ती पुढचे माप भरी.

त्या तृतीयेला गुणवंतराव नावाचे मापांचे निरीक्षक चांद्याहून आले. नवी दशमान मापे येणार होती, त्याआधी जुन्या मापांची तपासणी होती. संधी साधून शेठजींनी तक्रार मांडली की, ही बाई अडाणीपणाने आपले मीठ वाटते. साहेबांनी ही ओंजळ कायद्याने बंद करावी.

गुणवंतराव काटेकोर गृहस्थ. आधी माप पाहू, मग ओंजळ, असे म्हणून त्यांनी सरकारी तपासणीची पायली पाण्याने काठोकाठ भरली आणि ते पाणी माझ्यात ओतू लागले. मी भरले, आणि तरी त्यांच्या पायलीत पाणी उरले. त्यांनी पुन्हा केले. पुन्हा तेवढेच उरले.

शेठजींनी एका श्वासात बाजू बदलली. इतकी वर्षे देवाचे नाव घेऊन हे घराणे सर्वांना लुबाडत आले, यांचे मापारीपण आजच काढा, असे ते मोठ्याने सांगू लागले. अडाणीपणाची तक्रार ते विसरूनही गेले.

भागीरथाबाईने माझ्यात हात घालून तळ चाचपला. तिचा चेहरा मी जवळून पाहिला. मला तोंड असून वाचा नव्हती. ती एवढेच म्हणाली, "माह्या सासूनं जसं दाखवलं, तसंच मोजलं, साहेब. कमी हाये हे मले मालूम नाई."

निरीक्षकांनी कागद काढला. मापारीण दोषी ठरली असती, तर तिचे काम गेले असते, आणि शपथेच्या मापाने लुबाडणारी म्हणून त्या गावात तिला उभे राहायला जागा उरली नसती.

तेवढ्यात चारोळीची टोपली बाजूला ठेवून बुधरी पुढे आली. ही रानातली गोंड बाई, या बाजाराची जुनी गिऱ्हाईक. "साहेब, तुमची पायली काय सांगते ते मले समजत नाई. माह्या घरी एक मडकं हाये. इथलं एक पायली मीठ त्यात काठोकाठ येते. सिरोंच्यात सरकारी दुकानातून पायलीभर नेलं, तेबी काठोकाठच आलं. हिच्या हातचं एका खेपेलेबी उणं आलं नाई."

"मडक्यानं का कायदा चालते काय?" शेठजी म्हणाले.

गुणवंतरावांनी लेखणी थांबवली. क्षणभर विचार करून त्यांनी भागीरथाबाईला, नेहमी मोजता तसे मोजा, असे सांगितले. तिने माझ्यात मीठ भरले, हाताने काठ सपाट केला, पहिल्या मापाला म्हणतात तसे "लाभ" म्हणून फडक्यावर ओतले आणि सवयीने वर एक ओंजळ टाकली. ते सगळे मीठ त्यांनी सरकारी पायलीत भरले. मीठ नेमके काठाला लागले. दुसऱ्यांदाही लागले. दहा वेळा त्यांनी मोजायला लावले. एकदाही ओंजळ चुकली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, घासूनपुसून ठेवा. परंतु त्यांना हार घालण्यापूर्वी आत हात घालून तळ पाहा. आणि वडिलांकडून आलेली एखादी रीत निरर्थक वाटली, तर ती मोडण्याआधी एकदा मोजून पाहा. माझ्यासारख्या वस्तूची एवढीच विनवणी आहे.

दहावे माप झाल्यावर गुणवंतरावांनी मला जप्त मालाच्या पेटीवर ठेवले, कागदावर दोन ओळी लिहिल्या, आणि शेठजींसह साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्या वाचल्या:

"पायली खोटी आहे. बाई खरी आहे."