पिंपाच्या तळाचा माल

शाम्पूच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी मिक्सर चालवतोय. मालाला फेस नसला की माझं डोकं फिरतं. म्हणून आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला दुकानातला साबण लावणं मला कमीपणाचं वाटलं. पिंपाच्या तळाशी उरलेला कच्चा सरफॅक्टंट, म्हणजे शाम्पूला फेस आणणारं मूळ रसायन, काकवीसारखा घट्ट, मी डब्यातून घरी आणायचो आणि पातेल्यात अंदाजाने पाणी घालायचो. काय फेस यायचा! आईला दिसत नाही, पण हाताला लागायचा. "बघ, तुझ्या लेकाचा माल," मी म्हणायचो. मोठा शहाणा लागून गेलो होतो!

दोन महिन्यांत तिच्या पाठीची सालं निघाली. ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सने स्पष्टच सांगितलं, "जखमा चिघळून ताप आला तर या वयात अवघड आहे."

दुसऱ्या दिवशी डबा कारखान्याच्या लॅबमधल्या बाईंसमोर ठेवला. चोरीबद्दल नोकरी गेली असती तरी चाललं असतं.

"किती पाणी घालता यात?"

"अंदाजाने."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, याचे कण बारीक. एक टोक तेल पकडतं, दुसरं पाणी. मळ काढून हे थांबत नाहीत, कातडीत शिरून तिचं स्वतःचं तेलही उपसतात. सौम्य मालाचे कण आपसात मोठे पुंजके करून राहतात, आत फारसे शिरत नाहीत. फेस कमी, पण मळ निघतो. फेसाने मळ निघत नाही, हे एकोणीस वर्षांत कोणीच सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगितलं असेल. ऐकतोय कोण!

त्यांनी सौम्य मालाची बाटली दिली. जखमांना लावायचं नाही, बाकी अंगाला हलक्या हाताने, चोळायचं नाही. चार दिवस मी तसंच केलं. पाचव्या दिवशी तिचं अंग तव्यासारखं तापलं. नर्सने ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मी आईचे हातपाय पुसायला घेतले. दुसरं काय करणार होतो?

"चार दिवस झाले, तुझा माल नाही," आई पुटपुटली. "नोकरी गेली का रे? मला सांग."

माझा बांध फुटला. "नोकरी आहे गं आई. तो माल वाईट होता. तुझी पाठ मीच सोलली."

"ते माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी आग झाली होती."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच तिच्यावर.

तिने माझा हात चाचपून धरला.

"तुझं कोण कौतुक करतं रे बाहेर? घरी येऊन मला माल दाखवायचास. तेवढाच वेळ खुश असायचास."