वामेचा उपास

साप म्हणून ओरडू नका, मी वाम आहे. अंग गुळगुळीत आणि चाल वळवळती, म्हणून गैरसमज होतो. एकदा एका बाईने मला बघून धुण्याची बादली नदीतच सोडून दिली होती. मला वाईट वाटलं, पण हसूही आलं.

माझा जन्म गोड्या पाण्यातला नाही. दूर खोल समुद्रात मी अंड्यातून निघाले. आईला पाहिलं नाही, कारण आमच्या आया अंडी घालून मरतात. सुरतेपाशी तापीत शिरले तेव्हा काचेसारखी आरपार दिसत होते. मग वर वर चढत गेले. वाटेत बंधाऱ्यांच्या भिंती आल्या की ओल्या शेवाळाला पोट चिकटवून चढायचे. इकडे शिंदखेड्याच्या बाजूला एका डोहात एक कपार आवडली आणि तिथेच मुक्काम ठोकला. वीसेक पावसाळे खेकडे, बेडूक खाऊन मजेत गेले. माझ्यासारखी खादाड त्या डोहात दुसरी नव्हती.

यंदा श्रावणात मात्र अन्नावरची वासनाच उडाली. पोट चंदेरी झालं, डोळे मोठे झाले. समुद्राने बोलावलं की आमचं असंच होतं, आतडीच आखडत जातात. पुराच्या पाण्यावर स्वार होऊन मी निघाले, आणि थेट तोतारामच्या जाळ्यात गेले.

तोताराम पिढीजात मच्छीमार. त्याने हाताला राख फासून मला धरलं, तेव्हाच ओळखलं, हा सोडणारा नव्हे. त्याचा मुलगा कुंदन सुरतेत गिरणीत कामाला आहे, तो कानबाई देवीच्या सणासाठी गावी यायचा होता. त्याला वामेचा रस्सा खाऊ घालायचा, हा तोतारामचा बेत. पण घरात रोटांचं, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचं, दळण झालेलं. कानबाईचे रोट संपेपर्यंत त्या घरात मासळी शिजत नाही. म्हणून मला अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये जिवंत ठेवलं. तिकडे पूर ओसरला तर माझी वाट बंद, या विचाराने मी अर्धी झाले होते.

तोतारामची बायको इंदिराबाई मनाने चांगली. तिने गांडुळं टाकली, बेडकाचा तुकडा टाकला. मी तोंड लावलं नाही. रोट तेवढा दिला नाही, तो भाऊबंदांबाहेर देत नाहीत.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघायची होती. इंदिराबाई ड्रममध्ये डोकावली आणि नवऱ्याला म्हणाली, "आयका का, ही वामनी आणेल तईपाईन काहीच खादं नही. हिना बी कानबाईना उपास शे."

"मासाले कसाना उपास?" तोताराम वैतागला. "कुंदन कितला दिनमा येल शे. रोट सरतीन, मंग त्याले रस्सा खाऊ घालसू."

"उपासवालीले कोनी कापत नही. कानबाईना संगे नदीमा सोडी द्या."

तोतारामने मुलाकडे पाहिलं. कुंदनला रस्सा हवा होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तो म्हणाला, "आबा, माय म्हनस तसं करा. मना नशीबमा रोटच शेतस."

बाया गाणी म्हणत, फुगड्या घालत नदीवर आल्या. मागून तोताराम माझा ड्रम घेऊन, तोंड पाडून. त्याने पुन्हा हाताला राख फासली, मला पाण्यात सोडलं आणि नमस्कार केला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी लगेच बुडी मारली.

आता मी बंधाऱ्याच्या उघड्या दारापाशी आहे. कुंदन गाडीने सुरतेला गेला असेल, मी पाण्याने चाललेय. पुढे आणखी धरणं आहेत, वीज करणारी पाती आहेत. सगळ्यांतून सुटले तर समुद्रात अंडी घालीन. माझी पिल्लं कधीतरी याच नदीत चढून येतील. त्यांच्यासाठी भिंतींवर थोडी ओल राहू द्या, एवढीच विनंती.

इंदिराबाईला वाटत असेल, नदीत पडल्याबरोबर मी उपास सोडला. तिला कोणी सांगू नका. हा उपास आता सुटायचा नाही.