बोटीवरचं माणूस

तोरुन हात पुसत केबिनमधून बाहेर आली, तेव्हा स्टायनारच्या पाठीवरची चेन ओढून झाली होती. पाणबुड्याचा तो जाड सूट खांद्यामागून बंद होतो. घालणाऱ्याचा स्वतःचा हात तिथं पोचत नाही. लग्न झाल्यापासून ती चेन तोरुनच ओढत आली होती. आज ती सुन्निवानं ओढली होती आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारून, "झालं, घोडा तयार," असं म्हणत ती हसत होती.

"मी येतच होते," तोरुन म्हणाली.

"अगं, तू कॉफी करत होतीस ना," स्टायनार वळूनही न बघता म्हणाला. "चल सुन्निवा. पाण्याची ओढ थांबलीय तोवर उरकू."

दोघं काठावर समुद्राकडे पाठ करून बसले, एकमेकांकडे बघून त्यांनी मान हलवली आणि मागच्या मागं पाण्यात पडले. बोट जराशी डुलली. मग दोघांच्या अंगाला बांधलेले दोन छोटे बोये, स्टायनारचा नारिंगी आणि सुन्निवाचा पिवळा, आपापल्या दोरीमागं हळूहळू खडकांच्या दिशेनं सरकू लागले. तोरुननं तीन पेले भरले होते. त्यातले दोन तिनं समुद्रात ओतून टाकले.

फ्रोया बेटाच्या बाहेरच्या खडकांत हिवाळ्यात शिंपले चांगले भरलेले असतात. तळहाताएवढे, एकेक हातानं वेचलेले. हॉटेलवाले तेच मागतात, जाळं फरफटवून काढलेले नाही. या कामावरच तोरुन आणि स्टायनारचं घर उभं राहिलं होतं. खाली स्टायनार आणि तोरुनचा भाऊ आस्लाक, वर तोरुन. तिच्या उजव्या कानाचा पडदा लहानपणीच फाटलेला. डोकं पाण्याखाली घालायची सोय नव्हती. त्याचं तिला कधी दुःख वाटलं नाही. खाली नवरा आणि भाऊ आहेत, वर आपण आहोत, सगळं घरातल्या घरात आहे, असं तिला वाटायचं. मग आस्लाकच्या पाठीनं दगा दिला.

सुन्निवा ट्रॉनहाइमला दातांच्या दवाखान्यात कामाला होती. सुट्टीला क्लबच्या मित्रमैत्रिणींबरोबर हौसेनं बुड्या मारायला यायची आणि टाक्यांत हवा भरून घ्यायला स्टायनारच्या शेडवर थांबायची. एकदा तो तिला सहज खाली घेऊन गेला. त्या दिवशी जेवताना म्हणाला, "त्या पोरीला पाण्यात बघायला हवं. तळाला चालते, पण चिखलाचा कणसुद्धा उडत नाही." तोरुननं चमचा खाली ठेवला होता. जन्मभर तिच्या माशाच्या सूपला ज्यानं 'चालेल' यापलीकडे शब्द दिला नव्हता, तो हा माणूस. पुढं सुन्निवानं पाण्याखालच्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं, दवाखाना सोडला आणि बेटावर खोली घेऊन राहिली.

आता सुन्निवाही त्यांच्याकडेच जेवायची आणि टेबलावर तोरुनला अर्धंच कळायचं. खडकाच्या एका कपारीत एक म्हातारा, सुजलेल्या तोंडाचा मासा राहत होता. त्याचं नाव त्यांनी 'पाद्री' ठेवलं होतं. आज पाद्री घरी होता, आज पाद्री रागावला होता. स्टायनार गाल फुगवून त्याची नक्कल करायचा आणि सुन्निवाच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. तोरुन बटाटे वाढायची.

दुकानातली बेरितही सोडत नव्हती. "काय गं, तुझा नवरा हल्ली रोज दाढी करतो."

"मास्कमध्ये पाणी शिरतं दाढीनं."

"हो का? इतकी वर्षं नाही शिरलं ते," बेरित म्हणाली आणि पाव पिशवीत घातला.

तोरुनला हे सगळं आठवत होतं आणि नजर पाण्यावर होती. पश्चिमेकडं आभाळ खाली उतरत होतं. हिमवर्षावाचा करडा पडदा अजून लांब, पण येणार हे नक्की. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की पाणी फिरलंय. ठरल्या वेळेच्या बरंच आधी. नारिंगी बोया आतल्या, शांत बाजूला होता. पिवळा मात्र खडकाच्या टोकाला वळसा घालून बाहेर गेला होता, जिथं लाटा फुटून पांढऱ्या होत होत्या.

तिनं इंजिन चालू केलं.

आधी सुन्निवाच वर आली. फेसाच्या अगदी कडेला काळं डोकं, आणि मग वर झालेला हात. नुसता वर नाही; या बाजूपासून त्या बाजूपर्यंत हलणारा. त्याचा अर्थ एकच असतो: मदत हवी. जवळजवळ त्याच वेळी आतल्या बाजूला स्टायनार निघाला, शिंपल्यांची पिशवी पोटाशी धरून, निवांत.

खडकाजवळच्याला आधी उचलायचं. हा नियम तोरुनला कुणी शिकवला नव्हता. तिनंच आस्लाकला आणि स्टायनारला तो शेकडो वेळा बजावला होता. तिचा हात सुकाणूवर होता. सुन्निवाचा चेहरा तिला दिसत होता, म्हणजे सुन्निवालाही तिचा दिसत असणार. एक लाट आली, डोकं झाकलं गेलं, पुन्हा वर आलं. हात अजून हलत होता.

येऊ दे तिला पोहत, तोरुनच्या मनात आलं. पाण्यात इतकी हुशार आहे ना!

आणि तिनं बोट स्टायनारकडं वळवली.

तो वर चढला, टाकी उतरवली, मास्क कपाळावर सारला. तेवढ्यात हिम आलं. एकदम आलं, आडवं, आणि खडक, फेस, बोये, सगळं पुसलं गेलं.

"सुन्निवा कुठाय?"

"दिसली नाही," तोरुन म्हणाली.

स्वतःचा आवाज तिला परका वाटला. स्टायनार पुढच्या टोकाला जाऊन गुडघ्यांवर बसला आणि हातानं दिशा दाखवू लागला. तोरुन तो दाखवेल तसं नाही, स्वतःला माहीत होतं तिकडं बोट नेत होती. डोळ्यांत हिम जात होतं, पण पापणी मिटायची तिची हिंमत होईना. मघाशी मनात आलेलं वाक्य पुन्हा पुन्हा वर येत होतं आणि ते आपण म्हटलं यावर तिचा विश्वास बसत नव्हता. खाली समुद्रगवत दिसू लागलं, म्हणजे खडक अगदी जवळ. एरवी इथं तिनं कधी बोट आणली नसती.

"अगं, मागं घे! बोट फुटेल!" स्टायनार ओरडला.

"गप्प बस. ऐकू दे."

शिट्टी होती. क्षीण, पण होती. डावीकडं.

सुन्निवा खडकाच्या आडोशाला, समुद्रगवताची दोरखंडासारखी देठं दोन्ही मुठींत पकडून लाटेबरोबर वरखाली होत होती. मास्क गेला होता, पिशवी सोडून दिली होती, भुवईवरून रक्त वाहत होतं. दोघांनी मिळून तिला वर ओढलं. ती डेकवर पालथी पडून खोकत राहिली. स्टायनारनं तिचं डोकं धरलं. तोरुननं ते पाहिलं. मघाशी असं काही दिसलं असतं तर ती तोंड फिरवून केबिनमध्ये गेली असती. आता तिला एवढंच दिसत होतं की ती खोकतेय, म्हणजे जिवंत आहे.

"वर आल्या आल्या हात नाही का केलास?" स्टायनारनं विचारलं. भीती ओसरली की तो रागावायचा, तसा रागावला होता. "तोरुन बघतच होती."

सुन्निवानं मान वळवली. सुकाणूपाशी उभ्या तोरुनकडं ती बराच वेळ बघत राहिली. तोरुननं नजर खाली घातली नाही. जे येईल ते यावं, असं तिला वाटलं.

"हिम आडवं आलं होतं," सुन्निवा म्हणाली. "मी दिसणारच नव्हते."

परतताना सुकाणू स्टायनारनं घेतलं. केबिनचं दार लावून तोरुननं सुन्निवाच्या पाठीवरची चेन उघडली, ओला सूट सोलून काढला, घोंगडी गुंडाळली. मग औषधाची पेटी घेऊन समोर बसली. इंजिनाच्या आवाजात बाहेर काही ऐकू जाणार नव्हतं.

"हिम नंतर आलं," तोरुन म्हणाली.

"माहीताय मला."

"मी बघितलं होतं तुला."

"तेही माहीताय." सुन्निवाचे दात वाजत होते. "आधी मला वाटलं, बोट फिरवून येतेय. मग तुझी पाठ दिसली."

तोरुन कापूस दाबून धरून राहिली. माफ कर म्हणणं फार लहान वाटत होतं.

"त्याला का नाही सांगितलंस?" शेवटी तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यानं तुला बोटीवरून उतरवलं असतं. दुसरं कुणीतरी आणलं असतं." सुन्निवानं डोळे मिटले. "त्या माणसाचं मला काय ठाऊक? तू पुन्हा असं करणार नाहीस, एवढं आज मला कळलं. तुझा चेहरा बघितलाय मी, मला वर ओढताना."

थोड्या वेळानं, डोळे न उघडताच, ती म्हणाली, "आणि तुला वाटतं तसं काही नाहीये गं. खाली आम्ही पाठ करून वेचत असतो. शिंपल्यांशिवाय काही दिसत नाही त्याला. वर आला की मात्र सारखं तुझं. तोरुनला हे आवडत नाही, तोरुन असं करते. कंटाळा येतो ऐकून."

तोरुनला हसू आलं नाही. पण तिनं पट्टी उकलून भुवईवर सरळ बसवली.

धक्क्यावर पोचेतो हिम थांबलं होतं. स्टायनारनं शिंपल्यांच्या पाट्या शेडमध्ये नेल्या. तो परत आला तेव्हा दोघी शेडबाहेरच्या नळाखाली सूट धूत होत्या, एक बाही धरून ही, दुसरी धरून ती.

"तू आठवडाभर सुट्टी घे," तो सुन्निवाला म्हणाला.

"आठवडा कशाला? परवा वारा पडेल ना गं, तोरुन?"

"परवा सकाळी पडेल. पण त्या टोकाला जायचं नाही. बोट मी आतल्या बाजूला लावणार."

"बरं. आणि वर आले की आधी मला घ्यायचं."

"आधी तुलाच."

"अरे, मला कुणी विचारणार आहे की नाही?" स्टायनार हसत म्हणाला. कुणीच हसलं नाही. तोरुननं बाही उलटी केली, सुन्निवानं ती नळाखाली धरली.

"नक्की काय झालं तिकडं?" त्यानं जरा थांबून बायकोला विचारलं.

"तिनं सांगितलं ना," तोरुन म्हणाली.

त्यानं सुन्निवाकडं पाहिलं. ती हातमोजा पिळत होती. मग पुन्हा बायकोकडं पाहिलं. तिनं नळ बंद केला, आणि दोघींनी मिळून तो जड सूट उचलला. तो आळीपाळीनं दोघींकडं बघत शेडच्या दारात उभा राहिला, आत जावं की बाहेर यावं हे न कळल्यासारखा.

"जरा बाजूला हो रे," सुन्निवा म्हणाली. "जाऊ दे आम्हाला."