गचांडी धरायला माणूस

नेत्रपेढीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताईंनी डेटाबेस निवडायच्या बैठकीत घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं, "ओपन सोर्सचा घेऊ या. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला, फुकट मिळतो आणि त्याचं काम सगळ्यांना उघड दिसतं. उद्या काही बिनसलं तर आपली माहिती आपण कुठल्याही मशीनवर उघडू शकतो. कंपनीच्या डेटाबेसात ती कंपनीच्या कुलपात राहील, आणि किल्लीही त्यांच्याच खिशात."

मोठे डॉक्टर तसे देवमाणूस, पण फुकट म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. "फुकटचं पौष्टिक असतं म्हणतात," ते म्हणाले, "पण ताई, बंद पडलं तर मी गचांडी कोणाची धरू? साऱ्या जगाची?"

सगळे खो खो हसले. कंपनीचा टायवाला विक्रेता तर सगळ्यांत मोठ्याने. झालं! सही कंपनीच्या कागदावर झाली.

त्या डेटाबेसात डोळ्यासाठी ताटकळलेल्या माणसांची यादी होती आणि त्यात ताईंचे वडीलही होते. आप्पा शिंपी. एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्याच्या बुबुळावर दुधावर साय धरावी तसा पांढरा पडदा. तरी शिवणयंत्र सोडवत नव्हतं. सुई बोटात घुसली की म्हणायचे, "मुंगी चावली गं." मुंगी कसली! ताई मुकाट्याने पट्टी बांधायच्या. हळूहळू वर सरकत आप्पांचं नाव आता पहिलं आलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरांना हौस सुचली. नव्या डेटाबेसाला जुनं खोकं शोभत नाही म्हणे! ताई रजेवर असताना त्यांनी नवाकोरा कॉम्प्युटर आणला, पेढीच्या इलेक्ट्रिशियनकडून जुन्यातली डिस्क काढून त्यात बसवली आणि जुनं खोकं भंगारात देऊन टाकलं. ताई परतल्या तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती: या मशीनला परवानगी नाही. कंपनीचं लायसन जुन्या मशीनला बांधलेलं होतं. माहिती तिथेच होती, अगदी हाताशी, पण दिसेना.

त्याच सकाळी पेढीत एक डोळा आला.

डॉक्टरांनी फोन लावला. "सर, तुमची तक्रार नोंदवली आहे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. मग त्यांनी टायवाल्याला गाठलं, आवाज चढवला, शेवटी हातही जोडले. तो बिचारा म्हणाला, "साहेब, नवं लायसन वरून येतं. माझ्या हातात काही नाही." डॉक्टरांना गचांडी सापडली होती, पण धरून करणार काय? नुसता तक्रार क्रमांक हाती आला. दोन दिवस असेच गेले. डोळा काही कंपनीच्या सवडीने थांबत नसतो.

शेवटी ताई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. "डॉक्टर, पहिलं नाव मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांचं."

डॉक्टर म्हणाले, "खोटं बोलत नाही तुम्ही, मी जाणतो. पण आपल्या नातेवाइकाबद्दल कर्मचाऱ्याचं तोंडी काही मानायचं नाही, हा नियम तुम्हीच आणलात ना? वशिला घुसू नये म्हणून. कागदावरची यादीही त्यासाठीच बंद केली आपण. आज तुमचं मानलं तर उद्या कोणाला नाही म्हणू?"

त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट. डोळा दुपारच्या गाडीने शेजारच्या शहरातल्या रुग्णालयाकडे गेला. त्याचा बर्फाचा डबा ताईंनीच बंद करून दिला.

लायसन दुसऱ्या दिवशी आलं. यादी उघडली. पहिलं नाव आप्पांचं. डॉक्टरांनी ते पाहिलं, चष्मा काढून पुसत बसले, आणि ताई तिथून उठल्या.

घरी त्यांनी आप्पांना काहीच लपवलं नाही. आप्पा शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवून ऐकत होते.

"पहिलं नाव माझं आहे, असं तू त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं, आप्पा."

"आणि त्यांनी मानलं नाही?"

"नाही."

म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "डोळ्याचं जाऊ दे गं. पण इतकी वर्षं राबलीस तिथे, आणि तुझ्या शब्दाला एवढीही किंमत नाही?"

डॉक्टरांचं बरोबर होतं आप्पा, असं ताईंना म्हणायचं होतं. पण जीभच रेटेना.