बटणापाशी बसलेली शांतम्मा

चन्नबसप्पांनी हायवेलगतचं धान्याचं दुकान थोरल्या मुलाच्या, विरेशच्या हाती सोपवलं आणि ते घरी बसले. घरी बसले असं जळकोटात सगळे म्हणायचे. त्यांच्या बायकोला, शांतम्माला, ते बसलेले काही दिसले नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे धान्याच्या प्रतीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात तवा किती तापल्यावर भाकरी टाकावी, हे तिला समजावून सांगितलं. ती चाळीस वर्षं भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात ते सोलापूरला गेले आणि कुंपण छाटायची विजेवरची मशीन घेऊन आले, तेव्हा तिला बरंच वाटलं. मशीन अंगणात चालणार होती.

कुंपण मेंदीचं होतं, छातीएवढं उंच, घराच्या तिन्ही अंगांनी. आत बेलाचं झाड, दोन जास्वंदी, कढीपत्ता आणि शांतम्माच्या पूजेपुरती कण्हेर. चन्नबसप्पांनी खोकं उघडलं, वायर बोर्डात खोचली आणि ते कामाला लागले. त्यांना बोलल्याशिवाय काम करता येत नसे. दुकानात पोती मोजताना ते बोलत, आंघोळ करताना बोलत, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा तेवढी गप्प राहून करत आणि ती संपल्यावर राहिलेलं बोलून घेत. मशीन घरघरत होती तरी त्यांचं चालूच होतं, फक्त आवाज वर चढला होता.

पहिल्या दिवशी मशीननं चार हात मेंदी छाटली आणि स्वतःची वायर छाटली. फाटकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, आणि घरातलं मिक्सर, फ्रीज, पंखे सगळं एकदम गप्प झालं.

चन्नबसप्पांनी वायरची दोन्ही टोकं हातात धरून बघितली.

"धार चांगली हाय," ते म्हणाले.

लाईट चालू करायला वायरमन सोमेश आला. दोन मुलींचा बाप, कमी बोलणारा माणूस. त्यानं बोर्डाचं काम केलं आणि जाता जाता अंगणात बघितलं, तर चन्नबसप्पा पायरीवर बसून तुटलेली वायर पिळून जोडत होते. वरनं काळी टेप.

"अप्पा, ती वायर फेकून द्या. एकसंध घ्या. आन् मशीन चालवताना वायर खांद्यावरनं मागं सोडायची, पात्याच्या पुढं न्हाय."

"टेप कंपनीची हाय."

"टेप असू द्या. बोर्डावर ईएलसीबी बसवून घ्या. करंट जरा जरी बाहेर गळाला, की डोळा मिटायच्या आत लाईन तोडतं."

"सोमेश, घर बांधून एकवीस वर्षं झाली. करंटनं कुणी मेलं का?"

"न्हाय, अप्पा."

"मग?"

सोमेशनं जरा विचार केला. "मेल्यावर मग बसवून काय उपयोग," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

मशीनच्या खोक्यात एक पुस्तिका होती. चन्नबसप्पा ती चुलीत घालणार होते. शांतम्मानं काढून घेतली. ती आळंदला कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. देवनागरी अक्षरं तिथंच गिरवलेली, हिंदी मालिका बघून येत होती, आणि पुस्तिकेत हिंदी होती. रोज सकाळी पूजा झाली की त्याच आसनावर बसून ती दोन पानं वाचायची. एका पानावर मुलांना आणि पाळीव जनावरांना लांब ठेवा असं होतं. तिनं मांजर कोठीच्या खोलीत कोंडलं.

"यात लिहिलंय, जोडलेली वायर वापरू नका."

"ते विलायतेतल्या लोकांसाठी. तिकडं बारा महिने पाऊस."

"जाड तळव्याचे बूट घाला, असं लिहिलंय."

चन्नबसप्पांनी लग्नाला घालायचे बूट घातले.

"डोळ्यांना चष्मा."

"हाय की," म्हणून त्यांनी पेपर वाचायचा चष्मा नाकावर चढवला. त्यातून त्यांना कुंपण नीट दिसत नव्हतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. ते तिला कुंपण छाटल्यावर समजलं.

मग शांतम्मानं व्हरांड्यातल्या बोर्डाखाली खुर्ची ठेवली.

"तुमी मशीन चालवा. मी बटणापाशी बसते."

"तिथं काय करणार?"

"शेंगा फोडीन."

याला हरकत घ्यायला जागा नव्हती. दोन दिवस असं चाललं. ते कुंपण छाटायचे आणि बोलायचे, ती शेंगा फोडायची आणि ऐकायची. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण दुकानातल्या इतक्या गोष्टी तिनं आजवर ऐकल्या नव्हत्या. लोहाऱ्याचा कुठला व्यापारी हरभऱ्यात खडे घालायचा, हेही तिला कळलं.

तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि गल्लीतल्या सगळ्या टाक्या भरत होत्या. शेजारी महारुद्रची टाकी भरून वाहायला लागली. पाणी मेंदीच्या बुडातून शांतम्माच्या अंगणात आलं.

"अहो, खाली ओल झालीय. आज राहू द्या."

"पाणी खाली हाय, मशीन वर हाय," चन्नबसप्पा म्हणाले. बूट चावत होते म्हणून ते त्यांनी पायरीवर काढून ठेवले होते. ते अनवाणी चिखलात उभे राहिले आणि महारुद्रच्या टाकीबद्दल बोलायला लागले. महारुद्र कुंपणापलीकडेच बादली भरत उभा होता, म्हणजे ते त्याच्यासाठीच होतं.

"मी याला दोनदा सांगितलं, लई पाणी वाया जातंय. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा एक साधा—"

वायर जास्वंदीच्या फांदीत अडकली होती. ती सोडवायला त्यांनी एक हात मशीनवरनं काढला, त्याबरोबर मशीन थांबली. तिला दोन्ही हात लागत. मशीन थांबली हे नेहमीचंच होतं. चन्नबसप्पा थांबले, हे नेहमीचं नव्हतं.

शांतम्मानं शेंगांच्या सुपावरून मान वर केली. ते उभे होते. डाव्या मुठीत वायर, नेमकी काळ्या टेपवर. दात आवळलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. तोंडातून एक शब्द नाही. महारुद्रनं बादली टाकली आणि मेंदीवरून हात लांब करून तो त्यांचा दंड धरायला निघाला.

"हात लावू नका!"

गल्लीत कुणी शांतम्माचा आवाज एवढा वर चढलेला ऐकला नव्हता. महारुद्रचा हात होता तिथंच राहिला. तोवर तिनं बटण दाबलं होतं. मग पिनही उपटली, कारण पुस्तिकेत तसं होतं. शेंगा सगळ्या व्हरांड्यात सांडल्या.

चन्नबसप्पांची मूठ सुटली आणि ते चिखलात बसले. शांतम्मा जाऊन त्यांच्यापुढं उकिडवी बसली. तिनं त्यांच्या नाकापुढं हात धरला, छातीवर हात ठेवला. शिवा, शिवा, एवढंच ती म्हणत राहिली. बऱ्याच वेळानं चन्नबसप्पांनी तोंड उघडलं.

"—बॉल बसव म्हणून," ते म्हणाले.

महारुद्रनं त्याच्या जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, तळहातावर वाटाण्याएवढी भाजल्याची जागा होती तिला मलम लावलं आणि संध्याकाळपर्यंत झोपून राहायला सांगितलं.

"बटण कुणी बंद केलं?" त्यांनी विचारलं.

"मी," शांतम्मा म्हणाली.

"यांना ओढायला गेल्या असता, तर मला दोन खाटा लागल्या असत्या."

चन्नबसप्पा छताकडं बघत पडून राहिले. परतताना जीपमध्येही बोलले नाहीत. महारुद्रनं दोनदा मागं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः सोमेशला फोन केला. सोमेशनं ईएलसीबी आणलं, बोर्डात बसवलं आणि खटका वर केला. खटका टपकन खाली पडला. त्यानं परत वर केला. परत खाली.

"डबाच खराब दिला तुला," चन्नबसप्पा म्हणाले. त्यांना आता बरं वाटायला लागलं होतं.

"डबा चांगला हाय, अप्पा. घरात गळती हाय."

मग सोमेश घरभर हिंडला. एकेक खोलीची लाईन सोडवायचा आणि खटका वर करून बघायचा. फ्रीज निर्दोष निघाला, गिझर निर्दोष निघाला, मशीन तर अंगणात पिन काढून पडली होती. शेवटी तो मागच्या भिंतीपाशी गेला. तिथं बोअरच्या मोटरचा पत्र्याचा स्टार्टर होता. त्यानं पत्र्याला टेस्टर लावला आणि टेस्टरचा दिवा लागला. गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर स्टार्टरपासून निघून भिंतीत शिरली होती. सोमेशनं प्लॅस्टर टोकरलं. वीतभर आत जाऊन वायर संपली होती. खाली ना खड्डा, ना पत्रा, ना काही. घर बांधणाऱ्यानं ती दिसण्यापुरती ठेवली होती.

सोमेश उठून उभा राहिला.

"हे रोज कोण चालू करतं?"

"मीच," शांतम्मा म्हणाली. "सकाळी, भांडी घासताना."

"वल्ल्या हातानं?"

"घासताना हात वल्लेच असतात."

"काय जाणवत न्हाय का तुमाला?"

"झिणझिण्या येतात की. कोपरापर्यंत. तीन वर्षं झाली. यांना सांगितलं होतं मी."

"मग?"

"यांनी मला लातूरला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी मानेला पट्टा दिला. सहा महिने बांधला."

सोमेशनं चन्नबसप्पांकडं बघितलं आणि लगेच टेस्टरकडं बघितलं.

"फरक पडला का पट्ट्यानं?"

"पट्टा लावला की मान खाली जाईना. स्टार्टर दिसायचा न्हाय. चाचपून दाबायचे."

चन्नबसप्पा आत गेले, कोठीतून सबल घेऊन बाहेर आले आणि भिंतीलगत खणायला लागले. सोमेश म्हणाला, अप्पा, अर्थिंगचा खड्डा माझा माणूस खणेल, तुमच्या हाताला पट्टी हाय. त्यांनी ऐकलं नाही. सोमेश नवा स्टार्टर आणि खड्ड्यात भरायला कोळसा, मीठ आणायला नळदुर्गला गेला. तो परत येईपर्यंत खड्डा कमरेएवढा झाला होता आणि चन्नबसप्पा त्यात उभे होते.

शांतम्मा तांब्याभर पाणी घेऊन काठावर आली. ते पाणी प्यायले. तांब्या परत दिला नाही.

"शांता, तू सांगितलं होतंस."

"व्हय."

"म्या ऐकलं न्हाय."

"ऐकलं की. न ऐकता कोण लातूरला नेतं?"

चन्नबसप्पांनी तांब्यात बघितलं. त्यात काही नव्हतं. "तीन वर्षं," ते म्हणाले. शांतम्मा खड्ड्याच्या काठावर बसली. मग तिनं हात पुढं केला, आणि तो धरून ते वर आले.

कुंपणाचं काम आठ दिवस थांबलं. त्या आठ दिवसांत नवी एकसंध वायर आली, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आले आणि वेल्डिंगवाल्यांसारखा एक चष्मा आला. तो घालून चन्नबसप्पा आरशापुढं उभे राहिले आणि मशीन न चालवताच बराच वेळ तसेच थांबले. महारुद्रनं टाकीत बॉल बसवला. ईएलसीबीवर एक पिवळं बटण होतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं असं सोमेशनं सांगितलं होतं. चन्नबसप्पा ते रोज दाबायचे. रोज घरातली लाईट जायची. शांतम्मानं चौथ्या दिवशी सांगितलं, की महिना तीस दिवसांचा असतो.

उरलेलं कुंपण त्यांनी कडक उन्हात, कोरड्या मातीत, एका सकाळी संपवलं. सुरू करण्याआधी ते व्हरांड्याकडं बघून विचारायचे, "करू का?" आणि शांतम्मा "करा" म्हणेपर्यंत थांबायचे. पात्यात काडी अडकली की पिन काढून मगच हात घालायचे. मधे मधे हरभऱ्याच्या भावावर बोलणं चालू होतंच.

झाल्यावर ते चार पावलं मागं गेले आणि मान तिरकी करून बघायला लागले. मेंदी एका टोकाला छातीएवढी होती आणि दुसऱ्या टोकाला कमरेएवढी, आणि मधे दोन ठिकाणी बसकी होती.

"इकडनं जरा उतार वाटतो," ते म्हणाले. "महारुद्राकडनं सरळ दिसत असणार. बघून ये बरं."

शांतम्मा फाटकातून बाहेर पडली, महारुद्रच्या अंगणात गेली आणि तिथून तिनं नीट निरखून बघितलं. मग परत आली.

"तिकडनं सरळ हाय," ती म्हणाली आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.