बोटभर रुंद हॅम्पडेन

नेव्हिल डॉबरने चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर विमानं बिघडवायला घेतली. हे म्हणणं रोलंड टक्सवर्थचं. रोलंड त्याचा जुना मित्र आणि त्यांच्या लिंकनशरमधल्या गावच्या मॉडेल क्लबात ‘समजा’ टेबलाचा मुखत्यार. या टेबलावर कधी न झालेली विमानं मांडत. समजा, महायुद्धातल्या अमुक विमानाचे पंखे काढून त्याला जेट बसवलं असतं तर? दुकानातून आणलेला प्लास्टिकचा संच सरळ जोडायचा सोडून ही साठी उलटलेली माणसं त्याचे पंखे छाटत, बॉलपेनच्या नळ्या कापून जेट करत आणि वर त्या विमानाचा इतिहासही लिहीत.

इतिहासाचं कार्ड सक्तीचं होतं. तारीख, तुकडी, वैमानिक, सगळं अगदी सरकारी थाटात लिहायचं. मग वाचणाऱ्याने गंभीर चेहऱ्याने एक प्रश्न विचारायचा, एकच, जणू सगळं खरंच घडलंय. बनवणाऱ्यानेही तसंच गंभीरपणे उत्तर द्यायचं. ज्याचा चेहरा आधी ढळेल त्याने हॉलमधल्या सगळ्यांना चहा करून पाजायचा. मागच्या वर्षी कुणीतरी जेट लावलेलं उघडं दुपंखी विमान आणलं होतं. रोलंडने विचारलं, “एवढ्या वेगात वैमानिक चहा कसा पीत असे?” बनवणारा म्हणाला, “पुढच्या खुर्चीतला ओतायचा, मागच्या खुर्चीतला प्यायचा.” रोलंडला त्या दिवशी चौतीस कप चहा करावा लागला.

यंदाच्या ऑक्टोबरच्या प्रदर्शनाला नेव्हिलने हॅम्पडेन आणलं. युद्धाच्या सुरुवातीचं हे बॉम्बफेकी विमान त्या भागातल्या कित्येक तळांवरून उडालेलं. अंगाने उंच पण अगदी चिंचोळं. आत चार माणसं आणि सगळी इतकी खेटून, की एकदा बसलं की बसलं. नेव्हिलने त्याचे दोन्ही पंखे काढून जेट बसवलं होतं, शेपूट बदललं होतं. इथवर रोलंडला पटलं. पण नेव्हिलने विमानाचं अख्खं धड उभं चिरून मधे बोटभर पट्टी भरली होती, आणि तिच्या सांध्यांवरची पुट्टी घासण्यात त्याचा उन्हाळा गेला होता.

“अरे, जेटला रुंदी कशाला?” रोलंड म्हणाला. दारं उघडायला अजून अर्धा तास होता आणि दोघं टेबलावर कापड अंथरत होते. “जेट बारीक करतात. तू त्याला बाळंतपणानंतरचं करून आणलंस.”

“आतून माणसाला जाता यावं म्हणून.”

“माणूस आत फिरायला जाणार होता की काय?” असं म्हणत रोलंडने कार्ड उचललं. वाचता वाचता त्याचा थट्टेचा सूर कमी होत गेला. कार्डावर लिहिलं होतं की एकेचाळीसच्या मार्चमध्ये हॉलंडवर या विमानाचा वैमानिक सार्जंट बेझिल लेगेट पायांना गोळ्या लागून जखमी झाला. बिनतारी यंत्रावरचा हॅरल्ड डॉबर मधल्या वाटेने त्याच्यापर्यंत गेला, त्याला खुर्चीतून काढलं आणि विमान स्वतः परत आणलं. चौघेही सुखरूप.

“हॅरल्ड म्हणजे तुझे वडील. आणि लेगेट?”

“तोही खराच.”

“नेव्हिल, मेलेल्यांची खरी नावं घालायची नाहीत हे आपलं ठरलंय. तूच ठरवलंस!”

“ठाऊक आहे. त्याची बहीण आहे, पंच्याऐंशीची. मी तिला आजचं आमंत्रण धाडलंय.”

रोलंडने कार्ड खाली ठेवलं. “तिला आपला हा खेळ माहीत आहे?”

पाच वर्षं नेव्हिल अशी कार्डं लिहीत होता. आपण लिहिलेलं कुणी खरंच खरं मानेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. इथे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे. पण एक म्हातारी बाई दारातून येणार, चष्मा लावणार आणि आपला भाऊ सुखरूप परतला असं वाचणार. ज्या बाईचे पाय धरायला हवेत तिची त्याने चेष्टा मांडून ठेवली होती.

खरी हकीकत त्याच्या बापाने त्याला एकदाच सांगितली होती, मळ्यात कांद्यासारखी लीकची रोपं उपटताना, मान वर न करता. तीन माणसं उडी मारून वाचली, पायलट राहिला. बाप चार वर्षं जर्मनांच्या कैदेत काढून परतला तेव्हा लेगेटच्या आईचं पत्र येऊन पडलं होतं. माझा मुलगा कसा गेला एवढंच कळवा. बापाने उत्तर दिलं नाही. तो गेल्यावर ते पत्र त्याच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात सापडलं आणि तेव्हापासून आठ वर्षं ते नेव्हिलच्या खिशात होतं. फोनच्या डिरेक्टरीत लेगेट आडनावाची एकच बाई होती, मुरिएल, चौदा मैलांवर; चौकशी केली तर ती पायलटची बहीण निघाली. आठ वर्षांत त्याला चौदा मैल जाववलं नाही. शेवटी त्याने क्लबाचं छापील आमंत्रण पाकिटात घातलं, वर फक्त ‘जरूर यावे, डॉबर’ लिहिलं, आणि जे तोंडाने बोलवत नव्हतं ते प्लास्टिकमध्ये करायला घेतलं.

“दुसरं कार्ड लिहितो,” तो म्हणाला आणि ऑफिसच्या खोलीकडे पळाला. तिथे कोरं कार्ड होतं, पेन होतं, पण काय लिहायचं तेच सुचेना. तीन कार्डं फाडली. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आणि माणसांचा आवाज यायला लागला. तो रिकाम्या हाताने परत आला तेव्हा ‘समजा’ टेबलापुढे निळ्या कोटातली एक ताठ बाई उभी होती, काठी कोपराला अडकवलेली, आणि कार्ड तिच्या हातात होतं. रोलंड शेजारी उभा राहून हळू आवाजात काही सांगत होता. नेव्हिलला पाहून तो दोन पावलं मागे सरला.

“मिस लेगेट,” नेव्हिल म्हणाला.

“तुम्ही डॉबर ना? नाक तसंच आहे. तुकडीचा फोटो आहे माझ्याकडे.”

“हॅरल्डचा मुलगा. बाई, हे कार्ड खोटं आहे. आमच्यात तशी रीत आहे. मला आधी सुचायला हवं होतं. माफ करा मला.”

“खोटं आहे ते या गृहस्थांनी सांगितलं. आणि नसतं सांगितलं तरी, तार मीच घेतली होती दारात. सतरा वर्षांची होते.” तिने कार्ड जागेवर ठेवलं, नीट, कडा जुळवून. “मी म्हातारी झालेय, खुळी नाही. आता खरं सांगा. ते तिघं त्याला टाकून उतरले ना? आई मरेपर्यंत तेच म्हणायची. तिघं उतरले, आणि माझ्या पोराला हात द्यायला एकालाही सवड झाली नाही.”

रागाने विचारलं असतं तर नेव्हिलला सोपं गेलं असतं. तिने साधं विचारलं, टपालाची वेळ विचारावी तसं. टेबलाखालच्या खोक्यातून त्याने दुसरं विमान काढलं, पंखेवालं खरं हॅम्पडेन, त्याच मापाचं. तुलनेसाठी म्हणून जोडलं होतं. त्याने त्याचं छत उचललं आणि संचात येतो तसा प्लास्टिकचा एक छोटा माणूस तिच्या तळहातावर ठेवला.

“हे बाबा,” तो म्हणाला. “पायलटच्या मागे बसायचे. त्यांना पायलटपर्यंत घेऊन जा.”

तिने हातमोजा काढला. दोन बोटांत माणूस धरून तिने तो मागच्या खुर्चीपासून पुढे सरकवला. खांद्याशी अडकला. तिने आडवा करून पाहिला, वरून पाहिला, पाय पुढे करून पाहिला. तिथे सांगाडा होता, नळ्या होत्या, खुर्चीची पाठ होती. आजूबाजूला दोनचार माणसं थांबली होती ती रोलंडने हळूच पुढे काढली. बाई बराच वेळ त्या माणसाशी झटत राहिली.

“एवढंच होतं?” ती म्हणाली.

“एवढंच. बाबांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा पॅराशूटचे पट्टे काढून घुसले, तेव्हा खांदा निखळला. तो पुढे कधी नीट बसला नाही, उजवा हात कानाच्या वर जात नसे. मग तुमचे भाऊ विमानातल्या फोनवर म्हणाले, ‘पुरे, हॅरल्ड. पाय गेलेत माझे, मला काही उठता येत नाही. मी सरळ धरतो, तुम्ही उतरा. आणि माझी सायकल तू घे, टायर नवे आहेत.’”

बाईंनी एकदम वर पाहिलं.

नेव्हिलने खिशातून पत्र काढलं. घड्या इतक्या जुन्या होत्या की ते उलगडायची भीती वाटावी. “तुमच्या आईंचं. बाबांनी उत्तर खूपदा लिहायला घेतलं. पहिल्या ओळीपुढे गेलं नाही.”

“काय होती पहिली ओळ?”

“‘मी उडी मारली.’”

बाईंनी पत्र घेतलं नाही. आईचं अक्षर लांबूनच पाहिलं आणि खुर्ची मागितली. रोलंडने आणली. नेव्हिल तसाच उभा राहिला, कारण त्याला जे म्हणायचं होतं ते बसून म्हणण्यासारखं नव्हतं.

“मी सत्तेचाळीस सालचा, बाई. माझ्यामागून दोन बहिणी. तुमच्या भावाने ते विमान सरळ धरलं म्हणून आम्ही आहोत. माझी नात आता शाळेत बासरी वाजवते, फार वाईट वाजवते, तरी ऐकताना मला रोज त्यांची आठवण येते. आमच्या घरातून तुमचे कुणी कधी आभार मानले नाहीत. मी मानतो. उशीर झाला, पण मनापासून मानतो.”

मिस लेगेट रुमालाने चष्मा पुसत राहिल्या. मग अचानक म्हणाल्या, “हिरवी होती.”

“काय?”

“सायकल. तळावरून त्याच्या सामानाबरोबर आली. बैठक खाली करता येईना म्हणून मी उंचावरच बसायला शिकले. त्याच सायकलवरून अकरा वर्षं सहा गावांचं टपाल वाटलं मी. पावसात, बर्फात, एकदाही पंक्चर नाही!” त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. “म्हणजे ती तुझ्या बापाची होती रे. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या सायकलवर हिंडले आणि त्या भल्या माणसाचे आभारसुद्धा मानले नाहीत.”

‘तुम्ही’चा ‘तू’ कधी झाला ते नेव्हिलला कळलंही नाही. त्याला एवढंच कळलं की छातीवरचं आठ वर्षांचं, नव्हे बापाच्या वेळेपासूनचं, ओझं उतरलंय.

“आईला हे कळायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “तेवढं एक राहिलं. ते काही तुझ्या हातात नव्हतं.” मग त्यांनी कोट सारखा केला, कार्ड पुन्हा उचललं आणि चेहरा असा केला की एखादं पार्सल नाकारताहेत. “आता मला एक प्रश्न विचारायचा आहे. एकच असतो ना?”

“एकच,” रोलंड मागून म्हणाला.

“इथे लिहिलंय की चौघेही सुखरूप परतले. मग तळावरून ती सायकल कुणी नेली?”

नेव्हिलने पाठ ताठ केली. “बेझिल लेगेट यांनीच, बाई. पायांना पट्ट्या होत्या, तरी दुसऱ्या आठवड्यात घरी गेले. डॉबर यांनी सायकल मागून पाहिली. त्यांनी दिली नाही. म्हणाले, आमच्या मुरिएलला...” इथवर आवाज टिकला. पुढे हनुवटी थरथरली आणि मोठा, साठी उलटलेला ट्रॅक्टर मेकॅनिक भर हॉलमध्ये लहान मुलासारखा रडला.

“ढळला!” रोलंड ओरडला, त्याचाही आवाज धड नव्हता. “चहा! एकेचाळीस माणसं आहेत, मोजलीत मी.”

नेव्हिल स्वयंपाकघरात गेला. मोठ्या भांड्यात पाणी ठेवलं, तोंड धुतलं, मनुका घातलेल्या प्लम ब्रेडला लोणी लावलं. इतक्या आनंदाने त्याने कधी चहा केला नव्हता. पहिला कप, दोन साखरेचा, तो स्वतः घेऊन टेबलापाशी आला.

चिंचोळ्या हॅम्पडेनचं छत बाईंनी बंद करून ठेवलं होतं. तो छोटा प्लास्टिकचा माणूस त्यांनी रुंद विमानात नेऊन वैमानिकाच्या अगदी पाठीशी उभा केला होता. नेव्हिल तो उचलून खोक्यात ठेवायला गेला तशी त्यांनी काठीने त्याचा हात अडवला.

“असू दे तिथेच,” त्या म्हणाल्या. “तिथून हात पोचतोय त्याचा.”