धूर पिणारी काहील

शेलार गावातल्या सायझिंगमागे, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यामागे, सकाळपासून ही गर्दी! लूमवरचे कामगार शिफ्ट बुडवून आलेले, बाया तांबे घेऊन. बॉयलरच्या धुरांड्यातून काढलेला बारीक पाईप काहिलीतल्या नितळ पाण्यात सोडला होता. धूम्रेश्वर महाराजांनी चिमटा आपटला, पाणी बुडबुडलं आणि बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. वर धुरांड्यावर धुराची रेघ नाही.

"विषाचं क्षीर केलं!" महाराज गरजले. "जितका धूर द्याल तितका गिळू. आणखी पाच बॉयलर आणा!"

सायझिंगचा मालक केसरीनाथ याला एक तरी आणायचाच होता. गाव वर्षभर अडून बसलं होतं. रविवारच्या ग्रामसभेत त्याला संमतीचे अंगठे हवे होते, आणि आता गाव हात जोडून उभं होतं.

सर्वांत पुढे गोदूबाई. तिची सून कमळा दम्याने अर्धी झालेली, घर सायझिंगच्या भिंतीला लागून. तांब्याभर क्षीर घेताना तिचे डोळे भरून आले.

"गोदूमावशी, हे सुनेला पाजू नका," शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मेहरुन्निसाबाई म्हणाल्या. "घरी चला. तुमच्याच चुन्याची निवळी काढा."

खाडीकाठी गोदूबाईची शिंपल्यांची भट्टी होती. महिनाभर तिचा चुना पोत्यापोत्याने महाराजांच्या मठात जात होता. मठ रंगवत असतील, असं तिला वाटलेलं. तिने चुन्यावरचं नितळ पाणी वाटीत ओतलं. बाईंनी पपईच्या देठाची नळी दिली. गोदूबाईने फुंकलं आणि वाटी पांढरी झाली.

"अगं बाय! मी पन म्हाराज झाली?"

"तुमच्या श्वासात जो वायू, तोच त्या धुरात. कार्बन डायऑक्साइड. काहिलीत साधं पाणी नाही, तुमच्याच चुन्याची निवळी आहे. चुना त्या वायूला धरतो, त्याची खडूसारखी भुकटी होते. आणि चमत्काराच्या वेळी बॉयलरमध्ये नवं लाकूडच टाकत नाहीत. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, वायू निघतोच."

"मंग तो वायू तरी कमी झाला ना?"

"शिंपलीत तो आधीच धरलेला होता, मावशी. तुम्ही शिंपली भाजलीत तेव्हा सुटला. शिवाय भट्टीत लाकूड जळलं, त्याचा धूर वेगळाच. इथे पळीभर धरायला तिथे घागरभर सोडला."

गोदूबाईने क्षीराचा तांब्या अंगणात ओतून दिला. मठासाठी भट्टी दुप्पट चालवली होती तिने. काम वाढलं म्हणून भट्टीला वारा घालायला कमळेलाच बसवलं होतं.

रविवारी तिने ग्रामसभेत निवळीची वाटी मांडली आणि सर्वांसमोर फुंकलं.

"या बाईच्या अंगात पाप आहे, म्हणून पाणी पालटलं!" महाराज ओरडले.

"मंग तुज्या बॉयलरच्या अंगात काय हाय?"

गाव खदखदून हसलं. महाराजांनी चिमटा उचलला आणि गाव सोडून काल्हेरची वाट धरली. पण केसरीनाथ पक्का होता. घरटी एक नोकरी देतो, म्हणाला. मघाशी हसणारेच रांगेत उभे राहिले आणि अंगठे देऊन मोकळे झाले. चमत्कार खोटा ठरला तरी बॉयलर आलाच, आणि याची कुणाला लाज वाटली नाही.

गोदूबाईने अंगठा दिला नाही. भट्टीही विझवली. पण दुसरा बॉयलर दिवाळीत पेटला आणि शिमग्याआधी कमळा गेली.

भेटायला आलेल्या बाया हळहळल्या, "म्हाराज आसते तर वाचली आसती गं."

गोदूबाईने भिंतीपलीकडच्या धुरांड्याकडे बोट दाखवलं.

"धूर कोनी म्हाराज गिळत न्हाय," ती म्हणाली. "माज्या सुनेनं गिळला. तुमची पोरं गिळतात. जाळलेलं कुठं जात न्हाय गं, म्हनून काय जाळता, किती जाळता, ते पेटवायच्या आदी इचारा. आनि म्हाराजाला नको, सोताच्या अकलेला इचारा."